तारीख ठरली, असे छापण्यापूर्वी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही दूरचित्रवाणी मालिका ज्या कादंबऱ्यांवरून निघाली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालिकेतल्या 'द विंड्स ऑफ विंटर' या सहाव्या पुस्तकाची 'अखेर तारीख ठरली' ही बातमी वर्षातून एकदोनदा तरी जगात कुठे ना कुठे उठते आणि फिरत फिरत आपल्याकडच्या मनोरंजनाच्या पानांपर्यंत पोहोचते. आजवर अशी एकही बातमी खरी ठरलेली नाही. ही मालिका मनापासून वाचणारे मराठी वाचक कमी नाहीत. दर वेळी त्यांना आशा वाटते, दोन दिवसांनी ती मावळते, आणि मग 'लेखक आळशी आहे', 'पैसे मिळाले, आता कशाला लिहील' असा सूर लागतो. बातमी चुकीची आणि तिच्यावरचा रागही चुकीच्या जागी. हे पुस्तक का रखडले, त्याबद्दल खात्रीने काय सांगता येते आणि बातमी हाती आली की ती कशी तपासावी, हे मांडण्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे, पण विषय अर्धवट सांगण्यासारखा नाही.

आधी तारखा. 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचे पहिले पुस्तक 'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ मध्ये आले. दुसरे १९९८ मध्ये, तिसरे २००० मध्ये. म्हणजे दर दोन वर्षांनी एक जाडजूड पुस्तक. चौथ्याला, 'अ फीस्ट फॉर क्रोज'ला, २००५ साल उजाडले. पाचवे 'अ डान्स विथ ड्रॅगन्स' १२ जुलै २०११ रोजी आले. अंतर दोन, दोन, पाच, सहा असे वाढत गेले आणि सहाव्या पुस्तकासाठी ते १४ वर्षांच्या पुढे गेले आहे. सातवे 'अ ड्रीम ऑफ स्प्रिंग' त्याच्याही नंतरचे.

'गेम ऑफ थ्रोन्स' ही दूरचित्रवाणी मालिका १७ एप्रिल २०११ रोजी एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर सुरू झाली, तेव्हा पाचवे पुस्तक अजून दुकानात यायचे होते. त्या दिवशीही साधा हिशेब मांडता आला असता. मालिकेचे एक पर्व दरवर्षी, एका पर्वात दहा भाग. पहिल्या पर्वात पहिले पुस्तक संपले, दुसऱ्यात दुसरे. तिसरे पुस्तक इतके मोठे होते की ते तिसऱ्या आणि चौथ्या पर्वांत विभागले गेले, आणि लेखकाला एक वर्ष जास्तीचे मिळाले. पण चौथे आणि पाचवे पुस्तक मुख्यतः एकट्या पाचव्या पर्वात, २०१५ मध्ये, आटोपले. २०१६ च्या सहाव्या पर्वापासून मालिका छापील मजकुराच्या पुढे निघून गेली.

मालिकेने थांबायला हवे होते, असे अनेक चाहते म्हणतात. ते शक्य नव्हते. पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला मुख्य पात्रांपैकी ब्रॅन ७ वर्षांचा आहे, आर्या ९, सान्सा ११, डेनेरिस १३ आणि जॉन १४ वर्षांचा. मालिकेने ही वये थोडी वाढवून घेतली, तरी ही पात्रे करणारी मुले कॅमेऱ्यासमोर दरवर्षी मोठी होत होती. कथेतले वर्ष आणि कलाकारांचे वर्ष जुळेना. ब्रॅन तर पाचव्या पर्वात दिसतच नाही, कारण छापील पुस्तकातला त्याचा भाग चौथ्या पर्वातच जवळपास संपला होता. करार, चित्रीकरणाच्या जागा आणि शेकडो माणसांचे पथक चारपाच वर्षे ताटकळत ठेवता येत नाही. कागद थांबू शकतो, चित्रीकरण थांबू शकत नाही.

आता मुख्य प्रश्न: पुस्तक का अडले? याचे उत्तर आळसात नाही, कथेच्या बांधणीत आहे, आणि त्याची सुरुवात २०११ च्याही दहा वर्षे आधी झाली.

१९९३ मध्ये मार्टिन यांनी आपल्या साहित्यिक प्रतिनिधीला जो आराखडा पाठवला, तो तीन पुस्तकांचा होता. तिनाची चार झाली, मग सहा, मग सात. कथा लिहिता लिहिता फुगत गेली, कारण मार्टिन स्वतःला माळी म्हणवतात. त्यांच्या मते लेखक दोन जातींचे: घर बांधण्यापूर्वी प्रत्येक खोलीचा नकाशा काढणारे वास्तुविशारद आणि बी पेरून काय उगवते ते पाहणारे माळी. माळ्याला कोणते झाड लावले ते ठाऊक असते, फांद्या किती फुटतील ते नसते. पहिल्या पुस्तकात प्रास्ताविक प्रकरण सोडले तर आठ पात्रांच्या नजरेतून कथा येते. पाचव्या पुस्तकात ही संख्या प्रास्ताविक आणि उपसंहार धरून १८ होते. प्रत्येक नवी नजर म्हणजे नवा प्रवास, नवे शहर, नवे दिनमान.

पहिला खरा अडथळा कालगणनेचा होता. मार्टिन यांची कल्पना अशी होती की प्रकरणागणिक काही आठवडे, काही महिने जातील आणि मुले आपोआप मोठी होतील. प्रत्यक्षात एका प्रकरणात एखादाच दिवस सरू लागला. तीन पुस्तके झाली तरी मुले लहानच. म्हणून त्यांनी ठरवले की तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकांमध्ये कथा पाच वर्षे पुढे न्यायची. आर्याच्या शिक्षणासाठी, ब्रॅनसाठी, ड्रॅगनच्या पिल्लांच्या वाढीसाठी ही उडी सोयीची होती. पण सर्सीसाठी नव्हती. नुकतीच सत्ता हाती आलेली राणी पाच वर्षे स्वस्थ कशी बसेल? उत्तर सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीवर नुकताच सेनापती झालेला जॉन पाच वर्षे काय करेल? मग मधली पाच वर्षे आठवणींतून सांगावी लागत होती, आणि प्रकरणामागून प्रकरण 'त्यापूर्वी असे झाले होते' या वळणाचे होऊ लागले. २००१ मध्ये त्यांनी ही उडी रद्द केली. बरेच लिहिलेले बाजूला पडले आणि जे वगळायचे होते ते आता सविस्तर लिहिणे भाग पडले. चौथ्या पुस्तकाला पाच वर्षे लागण्याचे मुख्य कारण हे.

दुसरा अडथळा आकाराचा. चौथे पुस्तक एका बांधणीत मावेना. कालक्रमाने मध्येच कापण्याऐवजी मार्टिन यांनी ते पात्रांप्रमाणे कापले. राजधानी किंग्ज लँडिंग, लोहद्वीपे आणि दक्षिणेतल्या डोर्नमधली पात्रे चौथ्या पुस्तकात, तर जॉन, टिरियन आणि डेनेरिस पाचव्यात. म्हणजे दोन पुस्तके बराच काळ समांतर चालतात. चौथ्याच्या अखेरीस त्यांनी वाचकांसाठी टीप जोडली की उरलेली पात्रे पुढच्या वर्षी भेटतील, अशी मनापासून आशा आहे. ते पुढचे वर्ष सहा वर्षांनी आले. वाचकांचा सर्वात रास्त राग या टिपेवर आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. हस्तलिखित पूर्ण नसताना छापील पुस्तकात पुढची वेळ सांगणे, ही चूकच होती.

तिसरा अडथळा जाणकार वाचकांमध्ये 'मीरीनची गाठ' या नावाने ओळखला जातो. पाचव्या पुस्तकात निरनिराळ्या दिशांनी निघालेली अनेक माणसे डेनेरिसच्या मीरीन शहराकडे चालली आहेत: टिरियन, डोर्नचा राजपुत्र क्वेंटिन, लोहद्वीपांचा व्हिक्टेरियन. कोण आधी पोहोचते यावर पुढचे सारे अवलंबून. क्वेंटिन डेनेरिसच्या लग्नाच्या बराच आधी पोहोचला तर एक कथा होते, ऐन लग्नाच्या वेळी पोहोचला तर दुसरी, लग्न उरकल्यावर पोहोचला तर तिसरी. मार्टिन यांनी हे निरनिराळे क्रम लिहून पाहिले. एक धागा ओढला की बाकीचे सैल पडत. डेनेरिस शहरात नसताना तिथे काय चालले आहे, ते सांगायला विश्वासाची नजरही नव्हती. अखेरीस तिचा म्हातारा रक्षक सर बॅरिस्टन याला निवेदक करून ही गाठ सुटली. एवढ्या एका निर्णयात वर्षे गेली.

इथे मराठी वाचकाला ओळखीचा एक मुद्दा आहे. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. छापून गेलेला हप्ता परत घेता येत नाही, ही क्रमशः लेखनाची मूळ अडचण. मार्टिन यांचे हप्ते हजार-हजार पानांचे आहेत, पण बंधन तेच. १९९६ मध्ये छापलेल्या एखाद्या ओळीला २०११ मध्ये लिहिलेले प्रकरण धरून राहावेच लागते. पूर्ण हस्तलिखित हाती असलेला कादंबरीकार शेवट सुचल्यावर पहिले प्रकरण बदलू शकतो. मार्टिन यांना ती मुभा उरलेली नाही. सहाव्या पुस्तकात नवे काही उभे करणे दुय्यम आहे, पाच पुस्तकांत सोडलेले धागे एकमेकांना न तोडता जवळ आणणे हे खरे काम आहे, आणि ते पसरण्यापेक्षा कितीतरी अवघड.

सहाव्या पुस्तकाचे आकडे मार्टिन यांनी स्वतः सांगितलेले आहेत. २०२२ च्या अखेरीस त्यांनी सुमारे तीन चतुर्थांश काम झाल्याचे म्हटले होते: ११०० ते १२०० पाने लिहून झाली, ४०० ते ५०० बाकी. २०२३ च्या अखेरीस त्यांनी पुन्हा आकडा सांगितला तेव्हा तो ११०० च्याच आसपास होता. हे वाचून 'वर्षभरात एकही पान लिहिले नाही' असे मथळे आले. या पद्धतीने लिहिणाऱ्याचा आकडा असाच वागतो. प्रकरण लिहून होते, दुसऱ्या पात्राचे प्रकरण त्याच्याशी जुळत नाही, पहिले काढून टाकले जाते, आकडा खाली येतो. शिवाय ही पाने हस्तलिखिताची आहेत, दुहेरी अंतर सोडून टंकलेली. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'चे हस्तलिखित सुमारे १५०० पानांचे होते आणि पुठ्ठाबांधणीत त्याची हजाराच्या आसपास पाने झाली. बातमीत '११०० पानांची कादंबरी तयार' असे छापले तर तो दुहेरी घोळ होतो: पाने कोणती तेही चुकते आणि तयार काय तेही.

तारखांबद्दल मार्टिन एकदा पोळले आहेत, आणि तो प्रसंग प्रत्येक बातमीदाराला माहीत असायला हवा. २०१५ मध्ये प्रकाशकांनी त्यांना सांगितले होते की ऑक्टोबरअखेर हस्तलिखित दिले तर सहावे पर्व सुरू होण्यापूर्वी पुस्तक बाजारात आणता येईल. ऑक्टोबर गेला. मुदत वर्षअखेरपर्यंत वाढली. तीही गेली. २ जानेवारी २०१६ रोजी त्यांनी आपल्या संकेतस्थळावर सविस्तर लिहून कबूल केले की पुस्तक झालेले नाही, मालिका आता पुढे जाईल, आणि पुढची कोणतीही मुदत आपण जाहीर करणार नाही, कारण मुदतीच्या दडपणाने लेखन सुधारण्याऐवजी बिघडते. मालिकेच्या पहिल्या चार पर्वांत दरवर्षी एक भाग ते स्वतः लिहीत असत. पाचव्या पर्वापासून ते थांबवण्याचे कारण हेच पुस्तक होते. म्हणजे प्रयत्न झाला नाही असे नाही. प्रयत्न झाला आणि फसला.

मग खोट्या तारखा येतात कुठून? बहुतेक वेळा तीन ठिकाणांहून. पहिले म्हणजे ऑनलाइन पुस्तकविक्रीची पाने. अप्रकाशित पुस्तकाची नोंद करताना तिथल्या यंत्रणेला तारखेची जागा रिकामी सोडता येत नाही, म्हणून वर्षाचा शेवटचा दिवस किंवा तशीच एखादी तारीख भरून ठेवली जाते. ती नुसती जागा अडवणारी तारीख असते. तिचा लेखकाशी काही संबंध नसतो. एखाद्याला ती दिसते, तो तिचे छायाचित्र पुढे पाठवतो, संध्याकाळपर्यंत बातमी तयार. दुसरे ठिकाण लेखकाची थट्टा. २०१९ मध्ये मार्टिन यांनी गमतीने लिहिले की पुढच्या वर्षी न्यूझीलंडच्या विज्ञानकथा संमेलनाला येईपर्यंत पुस्तक हातात नसेल, तर मला तिथल्या ज्वालामुखीच्या बेटावर कोंडून ठेवा. जगभर ही मुदत म्हणून छापली गेली. तिसरे ठिकाण बनावट पुस्तके. 'विंड्स'च्या नावाने पीडीएफ फिरतात. त्यांत मार्टिन यांनी जाहीर केलेली नमुना प्रकरणे, चाहत्यांनी रचलेली प्रकरणे आणि अलीकडे यंत्राकडून लिहवून घेतलेला मजकूर एकत्र शिवलेला असतो. मार्टिन यांच्यासह अनेक लेखकांनी ऑथर्स गिल्ड या लेखकसंघटनेच्या बरोबरीने सप्टेंबर २०२३ मध्ये ओपनएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीविरुद्ध न्यूयॉर्कमध्ये दावा दाखल केला, हेही अशा पीडीएफची बातमी करण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

तपासणी मात्र सोपी आहे. पुस्तक पूर्ण झाले की दोन ठिकाणी ते एकाच वेळी दिसेल: मार्टिन यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या अमेरिकी व ब्रिटिश प्रकाशकांच्या निवेदनात. दोन्हीकडे नसेल तर बातमी नाही. पाचव्या पुस्तकाच्या वेळी काय घडले, ते ताडून पाहायला उपयोगी पडते. १२ जुलै ही तारीख २०११ च्या मार्चमध्ये जाहीर झाली आणि हस्तलिखित एप्रिलअखेर पुरे झाले. म्हणजे शेवटच्या पानापासून दुकानापर्यंत जेमतेम अडीच महिने. एवढ्या जाड पुस्तकासाठी हा वेग अपवादात्मक होता, आणि संपादन बरेचसे आधीच सुरू असल्यामुळे तो साधला. एरवी संपादन, मुद्रणप्रत तपासणे, घोड्याच्या रंगापासून वंशावळीपर्यंतच्या विसंगती शोधणे आणि मग छपाई, अशी साखळी असते. म्हणून 'पुढच्या आठवड्यात येत आहे' ही बातमी आधीच्या काही महिन्यांत कसलीही घोषणा नसताना आली, तर ती शंभर टक्के खोटी समजावी.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ नेहमी होतो आणि त्यात वाचकांचे पैसे जातात. भारतात या मालिकेच्या बहुतेक ब्रिटिश आवृत्त्या विकल्या जातात. त्यांत तिसऱ्या पुस्तकाचे दोन खंड आहेत, 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड', आणि पाचव्याचेही दोन, 'ड्रीम्स अँड डस्ट' आणि 'आफ्टर द फीस्ट'. त्यामुळे खोक्यातल्या संचात सात पुस्तके दिसतात. मालिका सात पुस्तकांची आहे हे ऐकून ठाऊक असलेला माणूस पूर्ण मालिका म्हणून तो संच घेतो. ते सात खंड म्हणजे पाचच पुस्तके. ग्रंथालयांच्या नोंदीतही खंड आणि पुस्तक यांत फरक करायला हवा. तिसऱ्या पुस्तकाचा दुसरा खंड हरवला तर पहिला असून नसल्यासारखा होतो, आणि मालिकेतला सर्वात हादरवणारा भाग नेमका त्या दुसऱ्या खंडात आहे.

शेवट नाही तर वाचायचे कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. वाचायला हवे, कारण मालिका पाहून झालेल्यालाही पुस्तकातली अर्धी कथा नवी आहे. पडद्यावर डोर्नची राजकन्या आरिआन नाहीच. स्वतःला खरा वारस म्हणवणारा यंग ग्रिफ नाही. लेडी स्टोनहार्ट नाही. सान्साच्या वाट्याला मालिकेत जे भोग आले, ते पुस्तकात जेन पूल या वेगळ्याच मुलीचे आहेत. मालिकेत मेलेले स्टॅनिस आणि बॅरिस्टन पाचव्या पुस्तकाच्या शेवटी हयात आहेत. मार्टिन यांनी मालिकेच्या दोन्ही कर्त्यांना शेवटची ढोबळ रूपरेषा २०१३ मध्ये सांगितली होती, आणि मालिकेतल्या काही मोठ्या घटना त्यांच्याकडूनच आल्या आहेत. पण जी पात्रे मालिकेत नव्हतीच, त्यांचे काय होते ते मालिका सांगू शकत नाही. २०१९ च्या एप्रिल-मेमध्ये सहा सोमवार सकाळी साडेसहाला, अमेरिकेबरोबरच, भारतात शेवटच्या पर्वात जे दिसले तो एका वाटेचा शेवट होता. त्या शेवटावर नाराज झालेल्यांनी पुस्तकाचाही शेवट तसाच असणार म्हणून पुस्तके बाजूला टाकू नयेत.

वाचनाचा क्रम. पहिल्यांदा वाचणाऱ्याने प्रकाशनक्रमच पाळावा. चौथे आणि पाचवे पुस्तक समांतर असल्यामुळे दोन्हींची ४६ अधिक ७३ अशी ११९ प्रकरणे कालक्रमाने मिसळून वाचायच्या याद्या चाहत्यांनी केल्या आहेत. दुसऱ्या वाचनाला त्या फार चांगल्या आहेत. चौथ्यातला सॅम आणि पाचव्यातला जॉन यांची एकच भेट दोन बाजूंनी शेजारी शेजारी वाचायला मिळते, आणि सेनापती झालेला मित्र दुसऱ्याला किती कोरडा वाटतो आणि आतून किती जळतो, ते तेव्हाच नीट उमगते. पहिल्या वाचनात मात्र यादी जपून वापरावी. आरिआनच्या शेवटच्या प्रकरणात डोर्नचे मोठे गुपित उघड होते. पाचव्या पुस्तकातली क्वेंटिनची प्रकरणे त्याच्या आधी आली, तर चौथ्या पुस्तकभर रचलेला तो ताण फुकट जातो. कोणतीही यादी घ्या, क्वेंटिनचे पहिले प्रकरण आरिआनच्या शेवटच्या प्रकरणानंतर आहे की नाही, एवढे पाहा. आणि चौथे पुस्तक कंटाळवाणे आहे म्हणून टाळायचे, हा सल्ला कृपया ऐकू नये. युद्धानंतर उजाड झालेल्या प्रदेशातून ब्रिएन ही योद्धा स्त्री प्रवास करते, ती प्रकरणे या संपूर्ण मालिकेतले सर्वात प्रौढ लेखन आहे. तिथे घाई केली तर हातात काही लागत नाही.

सहाव्या पुस्तकातली काही प्रकरणे मार्टिन यांनी नमुना म्हणून प्रसिद्ध केली आहेत किंवा संमेलनांत वाचली आहेत: थिऑन, आरिआन, टिरियन, बॅरिस्टन, व्हिक्टेरियन, आर्याचे 'मर्सी', सान्साचे 'अलेन'. यांतली बरीचशी मुळात पाचव्या पुस्तकासाठी लिहिलेली आहेत. बर्फातली आणि मीरीनची अशा दोन मोठ्या लढायांनी पाचवे पुस्तक संपायचे होते. जागा पुरेना म्हणून त्या सहाव्याच्या आरंभी सरकल्या. ही प्रकरणे वाचायला हरकत नाही, पण ती अंतिम नाहीत हे धरूनच वाचावीत. छापताना त्यांत बदल होऊ शकतो, आणि त्यांच्या आधारावर बांधलेले तर्क तेवढेच कच्चे.

याच जगातल्या नव्या मालिकांबद्दल थोडे. 'हाउस ऑफ द ड्रॅगन' २०२२ मध्ये सुरू झाली ती 'फायर अँड ब्लड' या २०१८ च्या पुस्तकावरून. तिथे मालिकेने मूळ लेखन गाठण्याचा धोका नाही, कारण ज्या यादवीवर ती बेतली आहे ती त्या पुस्तकात शेवटापर्यंत लिहिलेली आहे. जानेवारी २०२६ मध्ये सुरू झालेल्या 'अ नाइट ऑफ द सेव्हन किंग्डम्स'चे तसे नाही. ती ज्यांवर बेतली आहे त्या डंक आणि एग यांच्या लघुकादंबऱ्या आजवर तीनच आहेत: १९९८, २००३ आणि २०१० च्या. एका पर्वात एक असे धरले तर चौथ्या पर्वाच्या दाराशी पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. या वेळी तो आधीच दिसतो आहे. मनोरंजनाच्या पानांनी तारखांच्या अफवांऐवजी हा हिशेब छापला, तर वाचकांना त्याचा खरा उपयोग आहे.

'दुसऱ्या कुणाकडून पूर्ण करून घ्या' ही सूचना वारंवार येते. तिच्या बाजूने 'द व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालिकेचे उदाहरण दिले जाते. तिचे लेखक रॉबर्ट जॉर्डन सप्टेंबर २००७ मध्ये वारले, आणि त्यांच्या पत्नी व संपादक हॅरिएट मॅकडुगल यांनी ब्रँडन सँडरसन यांची निवड केली. एका पुस्तकाचे काम तीन पुस्तकांचे झाले आणि ती २००९, २०१० आणि २०१३ मध्ये आली. ते जमले, कारण जॉर्डन यांनी आजारपणात प्रसंग सांगून लिहवून घेतले होते, विपुल टिपणे ठेवली होती आणि अगदी शेवटचा प्रसंग स्वतः लिहून ठेवला होता. दुसऱ्याला बांधता येईल असे बांधकामाचे साहित्य तिथे तयार होते. नकाशा न काढता लिहिणाऱ्या लेखकाच्या मागे असे साहित्य असेल, असे गृहीत धरता येत नाही. शिवाय मार्टिन हयात आहेत आणि लिहीत आहेत. १९४८ साली जन्मलेल्या माणसाच्या वयाचा हिशेब मथळ्यात मांडणे आणि 'पुस्तक आधी की लेखक आधी' असे विचारणे हे अशोभनीय आहे. आपल्या कोणत्याही ज्येष्ठ मराठी लेखकाबद्दल आपण असे छापणार नाही.

वाट पाहणाऱ्यांना राग येण्याचा अधिकार नाही, असे कृपया समजू नये. ज्याने २००० मध्ये तिसरे पुस्तक वाचले, त्याने आयुष्यातली पंचवीस वर्षे या माणसांची काळजी वाहिली आहे. जॉन, आर्या, टिरियन ही त्याच्यासाठी कागदावरची नावे राहिलेली नाहीत. २००५ ची टीप आणि २०१५ च्या मुदती यांबद्दल विचारायचे तर जरूर विचारावे. पण ते माहितीच्या आधारावर विचारावे, आणि ती माहिती देणे हे वृत्तपत्राचे काम आहे.

म्हणून विनंती एवढीच. या पुस्तकाची पुढची बातमी हाती आली की तीन गोष्टी पाहाव्यात: ती लेखकाच्या संकेतस्थळावर आहे का, प्रकाशकाने दुजोरा दिला आहे का, आणि सांगितलेली पाने हस्तलिखिताची की छापील. तिन्हींची उत्तरे बातमीत येऊ द्यावीत. उत्तरे मिळत नसतील तर त्या जागेत ब्रिएनच्या प्रवासावर चार परिच्छेद छापावेत. ते पुस्तक २००५ पासून दुकानात आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, ठाणे